पुस्तक छापायला सोडताना

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारे लेखक, लहान प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांच्याकडून मुद्रितशोधन आणि छापखान्यातली देखरेख यांवर बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे एकत्र घेतले आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच पुस्तक धरले आहे : आकार डेमी एक अष्टमांश, म्हणजे कापल्यावर साडेपाच बाय साडेआठ इंच, २४० पृष्ठे, आतला मजकूर एकरंगी, मुखपृष्ठ चाररंगी, प्रती १०००.

प्रश्न : माझ्या कादंबरीचा मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये होता. तो आता युनिकोडमध्ये बदलून घेतला आहे. डीटीपी करणारे म्हणतात, मजकूर तोच आहे, पुन्हा प्रूफ वाचायला नको. हे बरोबर आहे का? (लेखिका, सांगली)

नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरांचे तुकडे ज्या क्रमाने डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात, तर युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमाने असतात. रूपांतर करणारी प्रणाली हा क्रम उलटापालटा करते आणि तिथेच घोळ होतो. रफार एक अक्षर पुढे सरकतो आणि ‘वर्ष’चे ‘वषर्’ होते. ‘स्थिती’सारख्या शब्दात पहिली वेलांटी सुटी पडते आणि तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. हे निदान डोळ्यांत तरी भरते. खरा धोका आहे तो न खुपणाऱ्या बदलांचा. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तर डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येतो, आणि शब्द शुद्ध असल्यामुळे कोणतीही तपासणी प्रणाली तो पकडत नाही.

वाचायला बसण्याआधी संगणकावर काही शोध घ्या. पाय मोडलेला र आणि त्यापुढे मोकळी जागा असा शोध घेतला की घसरलेले बरेचसे रफार सापडतात. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टाइप झालेले असते. छापल्यावर फरक जेमतेम दिसतो, पण ओळीच्या शेवटी असा शब्द मधोमध तुटू शकतो. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून आले आहे की ‘अ’वर चंद्र देऊन, हेही पाहा. दोन्ही दिसायला सारखी असली तरी संगणकाला वेगळी, त्यामुळे सूची करताना ‘ॲड’ने सुरू होणारी निम्मी नावे गळतात. मराठी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ, एकेरी-दुहेरी अवतरणचिन्हे आणि क्ष, ज्ञ, द्ध, ह्य, ट्र ही अक्षरे स्वतंत्र तपासा. एवढे झाल्यावरही जुना छापील कागद शेजारी ठेवून संपूर्ण मजकूर एकदा ताडून वाचावाच लागतो. एखादी गळलेली ओळ दुसऱ्या कोणत्याही उपायाने सापडत नाही.

प्रश्न : प्रुफे किती काढावीत? लेखकानेच मुद्रितशोधन केले तर चालते का? (प्रकाशक, नाशिक)

कमीत कमी तीन. लेखकाने एक जरूर वाचावे, पण तेवढ्यावर भागवू नये. लेखकाला मजकूर पाठ असतो, त्यामुळे त्याचा डोळा गळलेला शब्द आपोआप भरून घेतो.

तिन्ही प्रुफांत शोधायच्या गोष्टी वेगळ्या असतात. पहिले प्रूफ हस्तलिखिताशी ताडून वाचायचे. शक्य असेल तर दोघांनी बसावे : एकाने हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवावी. आकडे, सनावळ्या आणि विशेषनामे अक्षर-अक्षर सोडवून वाचावीत. दुसऱ्या प्रुफात पहिल्या प्रुफातली प्रत्येक दुरुस्ती झाली का ते पाहायचे, आणि दुरुस्त झालेला परिच्छेद अखेरपर्यंत वाचायचा. एक शब्द वाढला की पुढच्या ओळी सरकतात, आणि हात चुकून शेजारचे अक्षर पुसले जाण्याचा प्रकार नेमका तिथेच घडतो. तिसरे प्रूफ पाने लागल्यावरचे. त्यात मजकुरापेक्षा पानाकडे बघायचे : पृष्ठांकांचा क्रम, शीर्षपट्टीत त्या-त्या प्रकरणाचे नाव, अनुक्रमणिकेतले आकडे, तळटीप त्याच पृष्ठावर आहे का, चित्राखालची ओळ त्याच चित्राची आहे का, परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पृष्ठावर गेली आहे का. अनुक्रमणिका अगदी शेवटी प्रत्यक्ष पाने उलटून जुळवायची.

लेखनाचे नियम आधी ठरवून घ्या. मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ साली आणखी ४ नियम जोडले गेले. बहुतेक प्रकाशक हेच १८ नियम पाळतात. प्रुफात सर्वाधिक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात : ‘कवी’ पण ‘कविसंमेलन’, ‘गुरू’ पण ‘गुरुकृपा’, ‘गरीब’चे ‘गरिबाला’ पण तत्सम ‘शरीर’चे ‘शरीराला’. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्ध, म्हणून तिथे माणसानेच वाचायला हवे. जिथे नियम मोकळीक देतो, किंवा लेखकाला बोलीतले रूप हवे असते, तिथे एका कागदावर निर्णय लिहून ठेवावा : संख्या अक्षरी की अंकी, परकीय नावे कशी लिहायची, संवादात अनुस्वारयुक्त रूपे (‘झालं’, ‘केलं’) आणि निवेदनात ‘झाले’, ‘केले’ असे करायचे का. हा कागद पहिल्या प्रुफासोबतच डीटीपी करणाऱ्याकडे आणि दुसऱ्या वाचकाकडे गेला पाहिजे. तो नसेल तर एकाने केलेली दुरुस्ती दुसरा उलटी फिरवतो.

प्रश्न : दुरुस्त्या फोनवर सांगितल्या तर वेळ वाचतो. त्यात काही बिघडते का? (संपादक, दिवाळी अंक, सोलापूर)

बिघडते. फोनवर ‘पाणि’ आणि ‘पाणी’ यांत फरक कळत नाही, आणि पुढे काय सांगितले होते याचा पुरावाही राहत नाही. दुरुस्ती कागदावर समासात किंवा पीडीएफवर टिपणी करून द्या, पृष्ठ आणि ओळ लिहून. शेवटी एकूण दुरुस्त्यांची संख्या लिहा, म्हणजे समोरच्यालाही मोजून घेता येते. फाइलच्या नावात तारीख हवी. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अगदी अंतिम’ अशा तीन फाइली असल्या की प्लेटवर, म्हणजे ज्यावरून छापतात त्या पत्र्यावर, हमखास चुकीची जाते.

प्रश्न : छापखान्याने पीडीएफ मागितली आहे. पाठवण्याआधी काय पाहावे? (लेखक, अमरावती)

काळा मजकूर फक्त काळ्या शाईत आहे का, हे सर्वांत आधी पाहा. वर्ड किंवा तत्सम प्रणालीतून आलेला काळा रंग चार शायांच्या मिश्रणाचा असू शकतो. मग मुखपृष्ठावरच्या आणि मलपृष्ठावरच्या बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात, कारण चार प्लेटा केसभर जरी हलल्या तरी अक्षर चार ठिकाणी उमटते. पीडीएफमध्ये रंग वेगळे करून दाखवण्याची सोय असते. तिथे बाकीचे तीन रंग बंद केल्यावरही मजकूर जसाच्या तसा दिसला पाहिजे.

इनडिझाइन या पाने लावण्याच्या प्रणालीत काम केले असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय, लावलेला आहे का, ते विचारा. तो नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. नंतर दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेला एखादाच परिच्छेद जुन्या कंपोजरमध्ये राहिलेला असतो, म्हणून हे पृष्ठागणिक पाहायचे. सर्व फाँट पीडीएफच्या आत आहेत का? छायाचित्रे छापायच्या आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) आहेत का? पृष्ठाच्या कडेपर्यंत जाणारा रंग किंवा चित्र कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिमी सोडलेले आहे का? आतला समास, म्हणजे बांधणीकडचा, निदान १८ ते २० मिमी ठेवा. पर्फेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे न शिवता पाठीला गोंद लावून केलेल्या बांधणीत, पाठीकडून २ ते ३ मिमी कागद खरवडला जातो आणि उरलेल्यातला काही भाग घडीत बुडतो.

प्रश्न : पृष्ठे २४६ झाली आहेत. छापखाना म्हणतो सहा कमी करा. एवढा आग्रह कशासाठी? (कवी, कोल्हापूर)

फर्म्यासाठी. फर्मा म्हणजे एकत्र छापून घड्या घातलेला कागद, तो १६ पृष्ठांचा. २४० पृष्ठांचे १५ फर्मे पूर्ण होतात. २४६ झाली की शेवटच्या सहा पृष्ठांसाठी आठ पृष्ठांचा अर्धा फर्मा लागतो, त्याची वेगळी प्लेट, वेगळी घडी आणि शिवाय दोन कोरी पृष्ठे. प्रस्तावनेचा टाइप अर्ध्या पॉइंटने कमी करून किंवा प्रकरणे डाव्या पृष्ठावरही सुरू होऊ देऊन सहा पृष्ठे बहुधा सुटतात. ओळींमधले अंतर सरसकट आवळू नका. मराठीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, ते एकमेकांवर आदळतात.

प्रश्न : कागद आपण घेऊन द्यावा की छापखान्यावर सोडावे? किती लागतो? (प्रकाशक, नांदेड)

कोणीही घ्या, पण हिशेब स्वतःला आला पाहिजे. २३ बाय ३६ इंचाच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून ३२ पृष्ठे बसतात. २४० पृष्ठांना साडेसात कागद, १००० प्रतींना ७५००, म्हणजे ५०० कागदांची १५ रिमे. ७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) या आकाराच्या रिमाचे वजन सुमारे १८.७ किलो भरते. व्यापारी किलोचा भाव सांगतात, म्हणून हे वजन लक्षात असावे : १८.७ऐवजी १६ किलोचे रीम आले, तर तो ६० जीएसएम कागद आहे.

वाया जाणारा कागद टक्केवारीत सांगतात, त्याने गैरसमज होतो. ऑफसेट छपाईत प्लेटला शाई आणि पाणी दोन्ही लागतात; त्यांचा मेळ बसून पहिला चांगला कागद निघेपर्यंत दर फर्म्याला अर्ध्या आकाराचे (१६ पृष्ठांचा फर्मा अर्ध्या कागदावर बसतो) साधारण ५० कागद खर्ची पडतात, मग प्रती कितीही असोत. १५ फर्म्यांचे ते ७५०, म्हणजे पूर्ण आकाराचे ३७५. १००० प्रतींना हे पाच टक्के झाले, तर ५०० प्रतींना दहा. म्हणून आपल्या पुस्तकासाठी १६ रिमे मागवावीत. कमी प्रतींना छापखान्याने जास्त टक्के मागितले तर ती लबाडी समजू नये.

ग्रेनची दिशा मात्र आवर्जून विचारा. कागदाचे तंतू एका दिशेने लागलेले असतात, आणि ते पुस्तकाच्या पाठीला समांतर हवेत. २३ बाय ३६मध्ये याचा अर्थ ग्रेन ३६ इंचाच्या बाजूला. उलटा कागद आला तर पुस्तक ताठ राहते, उघडे ठेवले की आपोआप मिटते, आणि पाठीजवळ पाने लाटांसारखी होतात, कारण गोंदाच्या ओलाव्याने किंवा उष्णतेने तंतू आडवे फुगतात-आकसतात आणि पाठ त्यांना जागा देत नाही. ओळखायला सोपे आहे : कागद दोन्ही दिशांनी फाडून बघा. ग्रेनच्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला की वाकडातिकडा जातो.

प्रश्न : मशिनप्रूफ पाहायला बोलावले आहे. तिथे नेमके काय करायचे असते? (लेखिका, पुणे)

मशिनप्रूफ म्हणजे पूर्ण छपाईआधी मशिनवर काढलेला नमुना कागद. सोबत सही केलेले शेवटचे प्रूफ, फूटपट्टी, भिंग आणि लाल पेन न्या. मशिन थांबलेले असते आणि मशिनमन वाट पाहत असतो, म्हणून तिथे मजकूर वाचत बसू नका. वाचन आधी संपलेले असायला हवे.

फर्म्याच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पृष्ठे असतात आणि पाठीमागे २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. कागदावर ती उलटसुलट दिसतात, त्याने गोंधळू नका. दोन्ही बाजू छापलेला एक कागद मागून तीन घड्या घाला आणि पृष्ठांक क्रमाने येतात का पाहा. मग प्रत्येक पृष्ठाची पहिली आणि शेवटची ओळ प्रुफाशी ताडा. त्या जुळल्या तर मधली ओळ गळण्याची किंवा जुनी फाइल लागण्याची शक्यता फारच थोडी. नंतर कागद उजेडासमोर धरा : पुढच्या आणि मागच्या मजकुराच्या ओळी एकमेकांवर बसल्या पाहिजेत. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जुळवून मागा.

आता भिंग घ्या. देवनागरीत नुकसान कुठे होते ते ठरलेले असते. शाई जास्त झाली की अक्षरांच्या गाठी भरतात आणि ‘थ’, ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांची पोकळी बुजते; ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ पटकन वेगळे वाचता येत नाहीत. शाई कमी झाली किंवा प्लेटवर मजकूर नीट उमटला नाही, तर अनुस्वार आणि बारीक रफार उडतात, ‘हिंदी’चे ‘हिदी’ होते. रबर ब्लँकेटवर, म्हणजे प्लेटवरची छाप कागदावर नेणाऱ्या रबरी थरावर, कण बसला असेल तर प्रत्येक कागदावर त्याच जागी पांढरे वलय दिसते. ते पुसून जाते, पण कोणी दाखवले तरच. कोऱ्या जागेवर करडी झाक दिसत असेल तर पाणी कमी पडते आहे. अक्षरे फिकी आणि धुतल्यासारखी असतील तर पाणी जास्त झाले आहे.

काळेपणा पसंत पडला की त्या कागदावर सही, तारीख आणि वेळ घाला आणि तोच नमुना मशिनशेजारी ठेवायला सांगा. पुढचे चौदा फर्मे त्याच्याशी ताडायचे. एकाच पुस्तकात पहिली पन्नास पृष्ठे गर्द आणि पुढची करडी असतात, त्याचे कारण जवळजवळ नेहमी हेच : प्रत्येक फर्मा स्वतंत्र दिवशी, स्वतंत्र अंदाजाने छापला गेला. चाररंगी मुखपृष्ठ ट्यूबलाइटखाली मंजूर करू नका. छापखान्यात ५००० केल्विनचा दिवा असेल तर त्याखाली, नाहीतर दारात येऊन ढगाळ दिवसाच्या उजेडात पाहा.

आणि तिथे चूक सापडली तर? एका प्लेटवर आठ पृष्ठे असतात. एका वेलांटीसाठी प्लेट बदलणे म्हणजे आठ पृष्ठे पुन्हा जुळवणे, आणि त्यात जुनी दुरुस्ती परत येण्याचा धोका. नाव, शीर्षक, सन, औषधाचे किंवा पैशाचे आकडे, गळलेली ओळ, चुकलेला पृष्ठक्रम यांसाठी मशिन थांबवावे, खर्च सोसावा. बाकीच्या चुका पुढच्या आवृत्तीसाठी टिपून ठेवाव्यात.

प्रश्न : माझ्या पुस्तकाच्या कण्यावरचे नाव मुखपृष्ठावर घसरले. चूक कोणाची? (लेखक, ठाणे)

बहुधा मोजमापाची. ७० जीएसएम मॅपलिथोचे (लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदाचे) एक पान साधारण ०.०९ मिमी जाड असते. २४० पृष्ठांची १२० पाने म्हणजे १०.८ मिमी, त्यात मुखपृष्ठाच्या ३०० जीएसएम आर्टकार्डची (लेप दिलेल्या जाड कागदाची) दोन्हीकडची जाडी धरून सुमारे ११.५. त्याच वजनाचा फुगीर कागद घेतला तर पान ०.१२ मिमीचे होऊ शकते आणि कणा १५ मिमीवर जातो. कागद ऐनवेळी बदलला आणि मुखपृष्ठ आधीच छापलेले असले की नाव सरकणारच. म्हणून प्रत्यक्ष वापरायच्या कागदाची कोरी डमी, म्हणजे नमुना प्रत, बांधून मागा, कणा फूटपट्टीने मोजा, मगच मुखपृष्ठाची फाइल पक्की करा. कण्यावरच्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना निदान दीड मिमी जागा मोकळी ठेवा. कण्याला वेगळा रंग देऊन बरोबर घडीवर रेघ संपवणे टाळा, कारण बांधणीत एक मिमी इकडेतिकडे होतेच.

प्रश्न : जुलैत छापलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठे बाहेरच्या बाजूला वळली. लॅमिनेशन खराब होते का? (ग्रंथविक्रेते, रत्नागिरी)

लॅमिनेशन एकाच बाजूला असते. आतली उघडी बाजू कोकणातल्या दमट हवेत पाणी शोषून प्रसरण पावते, बाहेरची फिल्म पावत नाही, म्हणून कार्ड फिल्मच्या बाजूला वळते. कार्डाचा ग्रेन कण्याला आडवा असेल तर हे अधिक होते. पावसाळ्यात मुखपृष्ठ छापल्यावर शाई पूर्ण वाळू द्या, मगच लॅमिनेशन करा. पुस्तके बांधल्यावर एक-दोन दिवस वजनाखाली ठेवा, आणि गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लाकडी फळीवर रचा, फरशीवर नको. छपाईचा कागदही मशिनवर चढवण्याच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत आणून ठेवावा, रीम न फोडता.

प्रश्न : पाने सुटतात. बाइंडरला दोष द्यावा का? (वाचनालय, सातारा)

कोणती पाने सुटतात ते पाहा. सलग मधली सुटत असतील तर पाठ पुरेशी खरवडली गेलेली नाही किंवा गोंद थंड होता. हा गरम गोंद साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला लावायचा असतो. फक्त छायाचित्रांची आर्टपेपरची पाने सुटत असतील तर चूक निवडीची आहे : गुळगुळीत लेप असलेल्या कागदाला हा गोंद नीट धरत नाही. त्यासाठी पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद किंवा जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवणे, हाच मार्ग. वाचनालयात वर्षानुवर्षे फिरणारे पुस्तक, कोश किंवा पाचशेच्या वर पृष्ठांचे पुस्तक शिवूनच घ्यावे. पैसे जास्त गेले तरी ते सत्कारणी लागतात.

सगळ्या प्रती बांधण्याआधी पाच बांधून मागा. चोवीस तासांनी एक मधोमध उघडून पूर्ण मागे दुमडा आणि एक पान सरळ ओढून पाहा. फर्म्यांच्या पाठीवर छापलेल्या काळ्या खुणा गोळा केल्यावर पायऱ्यांसारख्या तिरक्या उतरल्या पाहिजेत. एखादी पायरी दोनदा आली किंवा गायब असली तर फर्मा दुबार लागला आहे किंवा राहून गेला आहे.

प्रश्न : पुस्तके ताब्यात घेताना आणि नंतर काय करावे? (लेखिका, पणजी)

प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत काढून पृष्ठांकांवरून झरझर पाने उलटा. कोरे पृष्ठ, उलटा लागलेला फर्मा, तिरके कटिंग आणि कण्यावरचे नाव पाहा. सदोष प्रती बदलून देण्याची अट काम देतानाच लेखी घ्या. १००० प्रती छापून ५००च बांधून घ्यायच्या असतील तर उरलेले फर्मे क्रमाने, सपाट, कागदात बांधून ठेवायला सांगा आणि मुखपृष्ठे मोजून स्वतःकडे ठेवा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळतो, पण तो मलपृष्ठाची फाइल पक्की होण्याआधी हातात हवा. त्याचा बारकोड पांढऱ्या जमिनीवर काळ्यात छापा. लाल पट्ट्या स्कॅनरला दिसत नाहीत. प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत १९५४च्या कायद्यानुसार एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. या चार प्रती विक्रीच्या हिशेबातून आधीच बाजूला काढा, आणि त्या चांगल्या बांधलेल्यांतून निवडा.